मेंढी गेली, वाडा सावरला

चेन्नईजवळच्या तांबरम येथे, मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या आवारात, डिसेंबर १९३८ मध्ये मिशनरी संस्थांची एक जागतिक परिषद भरली होती. ती मुळात चीनमधील हांगचौ येथे व्हावयाची होती. परंतु जपानने चीनवर आक्रमण केल्यामुळे ती भारतात आणावी लागली. यजमान व्हावयाचे ते चिनी प्रतिनिधी अशा रीतीने तांबरमला पाहुणे म्हणून आले. चिनी आणि भारतीय मनुष्य एकत्र आले, म्हणजे दोघांच्या मध्ये बहुधा इंग्रजी भाषा दुभाष्या म्हणून उभी राहते. चिनी म्हणींची आपली ओळखही बहुतांशी याच दुभाष्याने करून दिलेली आहे. विल्यम स्कारबरो या मिशनऱ्याने चिनी म्हणींचा इंग्रजी अर्थांसह संग्रह १८७५ साली शांघाय येथे प्रसिद्ध केला. आपल्या मराठी म्हणींचा तसाच संग्रह मॅनवेअरिंग या मिशनऱ्याने केला आणि तो १८९९ साली ऑक्सफर्डला छापला गेला. या परिश्रमांबद्दल कृतज्ञता वाटलीच पाहिजे. तथापि दुभाष्याच्या बोलण्यावर किती विसंबावे, हा प्रश्न उरतोच.

चिनी भाषेत बहुधा चार अक्षरांचे, घट्ट विणीचे वाक्प्रचार असतात. त्यांना ‘छंग-यू’ म्हणतात. ‘वांग यांग बू लाव’ हा त्यांपैकीच एक. शब्दशः अर्थ असा, की मेंढी हरवल्यावर वाडा दुरुस्त करणे. हे ऐकताच इंग्रजी जाणणाऱ्यास घोडा पळाल्यावर तबेल्याचे दार लावणाऱ्याची म्हण आठवते. आपल्यालाही लगेच ‘बैल गेला नि झोपा केला’ असे म्हणावेसे वाटते. झोपा म्हणजे गोठ्याच्या तोंडाशी लावावयाचा कुडाचा दरवाजा. तेव्हा तिन्ही म्हणी एकच, असे समजून आपण निश्चिंत होतो.

आणि येथेच फसगत होते. ‘झान्ग्वो त्स’ या प्राचीन ग्रंथात या वाक्प्रचाराची हकीकत आहे. चू राज्याच्या राजाला जुआंग शिन नावाच्या मंत्र्याने त्याच्या चैनीबद्दल सावध केले. राजाने ऐकले नाही, तेव्हा तो दुसऱ्या राज्यात निघून गेला. पुढे इ. स. पू. २७८ मध्ये छिन राज्याच्या सैन्याने चूची राजधानी जिंकली. परागंदा झालेल्या राजाने मंत्र्यास परत बोलावून आता काय करावे, असे विचारले. मंत्र्याने त्यास दोष दिला नाही. मेंढी गेल्यावर वाडा सावरला तरी उशीर झाला असे नाही, असा धीर दिला. उरलेल्या मेंढ्या तर वाचतील! म्हणजे इंग्रजी आणि मराठी म्हण जेथे उपहास करते, तेथे चिनी म्हण उभारी देते.

दुसरे उदाहरण ‘दुई न्यू तान छिन’ याचे. छिन हे एक तंतुवाद्य; ते बैलापुढे वाजविणे, हा याचा अर्थ. इंग्रजीत डुकरांपुढे मोती टाकण्याची म्हण यासाठी देतात. मराठीत ‘गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता’ ही म्हण तयारच आहे. दोन्हींत दोष श्रोत्याच्या माथी जातो, आणि आज चिनी लोकही पुष्कळदा तशाच अर्थाने हा वाक्प्रचार वापरतात. परंतु मूळ कथा निराळी आहे. कुंग मिंग-यी याने बैलापुढे उत्तम राग वाजविला, तरी बैल खाली मान घालून चरतच राहिला. मग त्याने तारांवर डासांची गुणगुण आणि चुकलेल्या वासराचा हंबरडा काढला. तेव्हा बैलाने शेपटी हलविली, कान टवकारले आणि तो ऐकू लागला. ऐकणाऱ्यास कळेल असे बोलावे, हा धडा येथे वादकालाच मिळतो.

अर्थात प्रत्येक म्हण अशी फिरत नाही. विहिरीतला बेडूक चीनमध्येही आहे आणि आपल्या ‘कूपमंडूक’ शब्दातही आहे. दोघांचेही जग तेवढेच लहान!

परीक्षेसाठी मुले म्हणींच्या जोड्या पाठ करतात. ‘या म्हणीला इंग्रजीत काय म्हणतात?’ एवढाच प्रश्न त्यांना परिचित असतो. त्यासोबत आणखी दोन प्रश्न घरोघरी विचारले जावेत. या म्हणीमागे कथा कोणती? आणि ती कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगी ऐकवावयाची? नापास झालेल्या मुलास किंवा धंद्यात बुडालेल्या भावास ‘बैल गेला नि झोपा केला’ असे ऐकविणे आणि ‘वाडा अजून सावरता येईल’ असे सांगणे, यांत केवढे अंतर आहे! शब्दांची जोडी जुळली म्हणून ते अंतर नाहीसे होत नाही. वाचकांनी आपल्या घरातील एखादी आवडती म्हण घ्यावी, तिचा इंग्रजी अर्थ लिहावा आणि तो वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावा. त्या अर्थात काय निसटले, हे तेच अचूक सांगतील.