चार बोटे जास्त

दिवाळी जवळ आली की गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींच्या चौकांत माती, विटा आणि गोणपाट गोळा होऊ लागते. मुलांनी किल्ला रचावा, त्यावर अळीव पेरावेत, मावळे मांडावेत आणि सण सरला की तो आपल्याच हातांनी मोडावा, हा मुंबईतील बालपणाचा जुना क्रम आहे. ज्या पिढीच्या हाती चौकाबरोबर मोबाईलही आला, तिला मात्र आणखी एका बांधकामाची आठवण येते. ते बांधकाम म्हणजे माइनक्राफ्ट पॉकेट एडिशन.

स्वीडनमधील मोजांग या कंपनीने आपल्या संगणकावरील खेळाची ही मोबाईल आवृत्ती ऑगस्ट २०११ मध्ये प्रथम एका विशिष्ट फोनसाठी काढली आणि ऑक्टोबरमध्ये ती इतर अँड्रॉइड फोनांवर आणली. आरंभीची आवृत्ती अगदी साधी होती. मोजक्या प्रकारचे चौकोनी ठोकळे, ते एकावर एक रचायचे, एवढेच. त्यातील जगाची लांबी-रुंदी २५६ ठोकळ्यांची होती. त्यापुढे जाता येत नसे. एक ठोकळा म्हणजे एक मीटर असे मानले, तर गिरगावातील एखादी वाडी त्यात सहज मावावी.

गिरगावातील एका चाळीत त्या वेळी अकरा वर्षांचा एक मुलगा राहत होता. परदेशी खरेदीसाठी चालेल असे कार्ड घरात नसल्यामुळे पहिले काही महिने तो मोफत नमुना आवृत्तीवरच खेळत असे. तीत रचलेले जग साठवून ठेवता येत नसे. संध्याकाळी उभारलेली भिंत दुसऱ्या दिवशी नाहीशी झालेली असे. मुलगा हिरमुसला की आजोबा म्हणत, "अनित्य भावना आम्हाला साठीत समजली, तुला अकराव्या वर्षीच समजते आहे." पुढे मामाने मूळ खेळ घेऊन दिला, तेव्हा आजीने एकच प्रश्न विचारला, "यात कोणाला मारावे लागते का?" नुसते बांधण्याचाही एक प्रकार आहे, हे ऐकून तिचे समाधान झाले.

घरी सूर्यास्तापूर्वी जेवण होत असल्यामुळे पुढची संध्याकाळ मोठी असे. आजोबा वाळूचे घड्याळ उलटे करून सामायिकाला बसत. त्या ४८ मिनिटांपुरतीच नातवाला मोबाईलची परवानगी होती. वाळू संपली की मोबाईल कपाटावर ठेवला जाई. मात्र एके दिवशी सामायिक आटोपल्यावर आजोबांनी स्वतःच विचारले, "काय बांधतोस?" नातू म्हणाला, "आपली चाळ. पण माप जमत नाही."

आजोबांचे आयुष्य कापडाच्या दुकानात गेले होते. १९५६च्या कायद्यानंतर वार मागे पडून मीटर कसा आला, हे त्यांनी गल्ल्याजवळ बसून पाहिले होते. दुकानातील लोखंडी मीटरपट्टी अजून घरात होती. ठोकळा एक मीटरचा आणि पट्टीही एक मीटरची, हा योग जुळून आला. दुसऱ्या दिवसापासून आजोबा पट्टी टाकू लागले आणि नातू वहीत आकडे लिहू लागला. गॅलरी अठ्ठावीस पट्ट्या भरली. जिना, मोरी, चौकातील नळ, सारे मोजून झाले. शेजाऱ्यांनीही दारे उघडून दिली.

अडचण आली ती शिल्लक मापाची. खोलीची रुंदी तीन मीटर आणि वर चार बोटे भरली. ठोकळा तर कापता येत नाही. नातवाला ती चार बोटे सोडून द्यावीशी वाटली. आजोबांनी मान हलवली. "कापड मोजताना गिऱ्हाइकाला चार बोटे जास्त द्यावीत, कमी कधी देऊ नयेत," असे म्हणून त्यांनी पुढचा पूर्ण ठोकळा लावायला सांगितला. त्यामुळे मोबाईलमधील चाळीत प्रत्येक बिऱ्हाडाला हक्काच्या जागेपेक्षा थोडी अधिक जागा मिळाली.

रहिवाशांनी याच खेळाच्या साहाय्याने आपल्या परिसरातील सार्वजनिक जागांचे आराखडे मांडावेत, असा उपक्रम यूएन-हॅबिटॅट या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने मोजांगसमवेत २०१२ साली सुरू केला. गिरगावच्या आजोबांना त्याची वार्ताही नव्हती. त्यांनी केवळ नातवाचा हिशेब चोख करून दिला होता.

ते जग फार काळ टिकले नाही. ते साठवलेले होते केवळ त्या एका मोबाईलच्या स्मृतीत आणि एका पावसाळ्यात तो मोबाईल भिजून बंद पडला. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलरला मोजांग कंपनी घेण्याचा व्यवहार केला. त्याच वर्षी मोबाईलवरील जगाची सीमाही गेली आणि ते अमर्याद झाले. २०१७ मध्ये 'पॉकेट एडिशन' हे नावही उरले नाही. पुढे आजोबा गेले. त्यानंतर पुनर्विकासासाठी चाळ रिकामी झाली आणि पाडली गेली. कुटुंब उपनगरात भाड्याने राहू लागले. नव्या इमारतीत जागा मिळणार आहे, पण अठ्ठावीस पट्ट्यांची गॅलरी मिळणार नाही.

मुलगा आता पंचविशीत आहे. परिग्रह कमी करावा, ही घरची शिकवण असल्याने स्थलांतराच्या वेळी पुष्कळ वस्तू देऊन टाकल्या गेल्या. मापांची वही तेवढी राहिली. गेल्या चातुर्मासात त्याने ती उघडली आणि खेळाच्या नव्या आवृत्तीत चाळ पुन्हा रचली. आता जग अमर्याद असले, तरी तो २५६ ठोकळ्यांच्या पुढे गेला नाही.

रचून झाल्यावर त्याने आजीला दाखवले. तिने चष्मा लावून जिना पाहिला, गॅलरी पाहिली, नळ चौकाच्या दुसऱ्या बाजूला होता असे बजावले. मग खोलीशी थांबून म्हणाली, "ही आपली नव्हे. आपली एवढी मोठी कुठे होती?"

नातवाने वहीचे पान तिच्यापुढे धरले. तीन मीटर, वर चार बोटे, असे त्याच्या बालवयातील अक्षरात लिहिले होते. शेजारी आजोबांच्या हातचा आकडा होता, चार. आजीने त्या आकड्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, "मग राहू दे तशीच. नळ मात्र हलव."