पेपर कुणाच्या घरचा?



पोंभुर्ले हे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यातले गाव. बाळशास्त्री जांभेकर तिथले. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत ‘दर्पण’ काढले, मराठीतले पहिले वर्तमानपत्र. १८४० मध्ये ते बंद पडले. बाळशास्त्रींकडे विद्या होती. कारखाना, कॉलेज, दवाखाना, मतदारसंघ यातले काहीही नव्हते.

आता त्याच जिल्ह्यात विकल्या जाणाऱ्या पेपरांचे मालक पाहा. बेळगावचा ‘तरुण भारत’ ठाकूर घराण्याचा, कोल्हापूरचा ‘पुढारी’ जाधव घराण्याचा, ‘सकाळ’ १९८५ पासून पवार घराण्यात. ‘सामना’ ठाकरे कुटुंबाचा. आणि जिल्ह्याच्या मातीतल्या माणसाचा म्हणावा असा ‘प्रहार’. तो २००८ मध्ये निघाला, राणे कुटुंबाचा.

नारायण राणे १९९९ मध्ये मुख्यमंत्री होते, पुढे राज्यात आणि केंद्रात मंत्री, २०२४ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गचे खासदार झाले. जिल्ह्यात विधानसभेच्या जागा तीन. त्यातल्या दोन, कणकवली आणि कुडाळ, नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांच्या दोन मुलांनी जिंकल्या. एकाने भाजपकडून, दुसऱ्याने शिंदे यांच्या शिवसेनेकडून. पडव्याचे मेडिकल कॉलेज आणि हॉस्पिटल याच कुटुंबाने उभ्या केलेल्या संस्थेचे. कणकवलीचे आमदार नितेश राणे डिसेंबर २०२४ मध्ये मत्स्यव्यवसाय आणि बंदरे खात्याचे मंत्री झाले.

मालवणचा रापणवाला पर्ससीनच्या जाळ्यांविरुद्ध आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध वर्षानुवर्षे भांडतो आहे. त्याची तक्रार ज्या मंत्र्याकडे जायची तो मंत्री आणि ती तक्रार छापायची तो पेपर एकाच घरातले. मंत्री भला असेल, संपादक सरळ असेल. कुणी खोटे छापले असा आमचा आरोप नाही. पण घरच्या माणसाच्या खात्यावर घरच्या पेपराने कोरडे ओढावेत, ही अपेक्षा कुणी केली तर त्याला आम्ही भोळा म्हणू.

‘सामना’ची गोष्ट वेगळी आणि मजेची. नाणारच्या रिफायनरीला शिवसेनेचा विरोध होता. राजापूर तालुक्याबरोबर देवगडातली गिर्ये आणि रामेश्वर ही गावेही तिच्यात जायची होती. मार्च २०१९ मध्ये जमिनीची अधिसूचना रद्द झाली. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच ‘सामना’त रिफायनरीच्या बाजूची जाहिरात झळकली! उद्धव ठाकरे तेव्हा मुख्यमंत्री. जाहिरातीवरून पक्षाची भूमिका ठरत नाही, असा खुलासा त्यांना करावा लागला. खुलासा खरा धरला तरी एक गोष्ट उरते. अग्रलेखाचे पान एका हिशेबाने चालते आणि जाहिरातीचे पान दुसऱ्या, आणि दोन्ही हिशेब एकाच घराच्या वहीत लिहिले जातात.

कापूस-ज्वारीच्या शेतकऱ्याला या किनाऱ्याशी काय देणेघेणे, असे कुणी विचारील. जिल्हा लहान आहे, म्हणून तिथे मालक, मंत्री, कॉलेज आणि पेपर एका नजरेत दिसतात. आमच्याकडे पसारा मोठा, त्यात ते झाकून जाते.

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. तिथल्या जवाहरलाल दर्डांनी १९७१ मध्ये नागपुरात ‘लोकमत’ दैनिक सुरू केले. ते स्वातंत्र्यसैनिक, पुढे राज्यात मंत्री. एक मुलगा, विजय, १९९८ पासून १८ वर्षे राज्यसभेत. दुसरा, राजेंद्र, राज्यात उद्योगमंत्री, मग शालेय शिक्षणमंत्री. याच घराण्याशी निगडित जेएलडी यवतमाळ एनर्जी या कंपनीला सरकारने छत्तीसगडमधली कोळशाची खाण दिली. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने देशभरातले २०४ खाणपट्टे रद्द केले. जुलै २०२३ मध्ये दिल्लीच्या विशेष न्यायालयाने या खाणीच्या प्रकरणात विजय दर्डा आणि त्यांचे पुत्र देवेंद्र यांना चार वर्षांची शिक्षा दिली. ते हायकोर्टात गेले आणि शिक्षेला स्थगिती मिळाली. खटल्याचे काय व्हायचे ते कोर्ट पाहील. आमचा मुद्दा खाणीचा आहे. खाण सरकार देते, कॉलेजची परवानगी सरकार देते, सरकारी जाहिरातही सरकारच देते. ज्याचे तीन धंदे सरकारच्या सहीवर उभे आहेत, त्याच्या चौथ्या धंद्याने, म्हणजे पेपराने, सरकारशी किती भांडावे?

तुम्ही पेपरला जे चार-सहा रुपये मोजता त्यात कागदाचा खर्चही निघत नाही. बाकीचे पैसे जाहिरातदार देतो. तेव्हा खरे गिऱ्हाईक तो, आणि तुम्ही-आम्ही त्याला विकलेला माल. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तर बातमीच विकली गेल्याचा आरोप झाला. अशोक चव्हाण यांचे कौतुक करणारा एकच मजकूर, शब्दालाही फरक नाही, वेगवेगळ्या मालकांच्या पेपरांत आला. पी. साईनाथ यांनी ते उघड केले. चव्हाणांनी पेपरातल्या जाहिरातींचा खर्च दाखवला होता ५,३७९ रुपये! निवडणूक आयोगाने ठपका ठेवला, २०१४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने आयोगाचा तो आदेश रद्द केला.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, वेचणी तोंडावर असताना. पुढे ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. तुमच्या गावात येणाऱ्या पेपराने ही बातमी कुठल्या पानावर दिली? गिरण्यांना दिलासा म्हणून दिली, की शेतकऱ्याचा भाव पडणार म्हणून? हे आम्ही सांगण्यापेक्षा तुम्हीच तपासावे. वाचनालयात जुने अंक असतात.

शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे असतात. मार्चच्या पहिल्या अंकांत ‘नमुना चार’ छापण्याची रीत १८६७ च्या कायद्याखालच्या नियमांनी पाडली. त्यात एक टक्क्याहून जास्त भाग असणाऱ्या मालकांची नावे येत. तो कायदा १ मार्च २०२४ पासून बदलला, पण जुन्या अंकांतले नमुने वाचता येतात. बियाण्याच्या पिशवीवर कंपनी आणि लॉट नंबर पाहिल्याशिवाय आपण ती उचलत नाही. इथेही तेच करायचे.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने एका महिन्याची कात्रणे आणावीत: कापूस, ज्वारी, वीज, कर्ज या विषयांची. प्रत्येक कात्रणावर पेपरचे नाव, तारीख, पान क्रमांक आणि त्याच पानावर कुणाची जाहिरात होती ते लिहिलेले असावे.