पैसा गावाला द्या, हिशेबही गावातच घ्या

प्रति,
मा. सचिव, पंचायती राज मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय,

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणमध्ये आणि सांगलीतल्या जतमध्ये जेमतेम पाचशेच्या आसपास. तरी पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात दोन्हीकडच्या ग्रामपंचायतींच्या निधीला एकच माप लावलं: 60 टक्के बंधित, 40 टक्के अबंधित. बंधितातलं निम्मं पाण्याला, निम्मं स्वच्छतेला. यातली एक गरज पूर्ण भागली तरच तो पैसा दुसरीकडे वळवायचा. पाटणच्या डोंगरातल्या वाडीला दरडीच्या बाजूने संरक्षक भिंत हवी, कृष्णाकाठच्या गावाला पुरासाठी बोट हवी, तर ती उरलेल्या चाळिसात बसवा! त्या चाळिसावरही डोळा असतोच. 2021 मध्ये राज्य सरकारने पथदिव्यांची वीजबिलं अबंधितातून आणि पाणीयोजनांची बंधितातून भरायला सांगितली, तेव्हा सरपंचांनी केलेली ओरड आठवत असेल.

आता दुसरी बाजू. मोकळ्या पैशातून आमच्याकडे आधी पेव्हर ब्लॉक उगवतात, मग स्वागतकमान. ठेकेदार कोणाचा पाहुणा, हे गावाला ठाऊक असतं. बोलत कोणी नाही. त्यामुळे सगळी बंधनं काढा, असं मी म्हणणार नाही. पण ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कोणत्या शीर्षाखाली किती खर्च पडला ते दिसतं. टाकीत पाणी चढतं का, हे दिसत नाही. तुम्ही खर्चाचं शीर्ष तपासता, काम तपासत नाही.

म्हणून मागणी एवढीच. ग्रामसभेने कारणासह ठराव केला, तर बंधितातला निम्मा पैसा गावाच्या गरजेप्रमाणे वळवू द्या. मात्र हा ठराव तहकूब सभेत नको. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, आणि नको ते ठराव नेमके तिथेच पास होतात. वळवलेल्या प्रत्येक रुपयाचं चावडीवाचन सक्तीचं करा: अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, ठेकेदाराचं नाव, दिलेलं बिल. वाचन झालं नाही, तर पुढचा हप्ता थांबवा. राज्याला मात्र या पैशाला परस्पर हात लावू देऊ नका.

यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, 1 मे 1962 रोजी, महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्यांचं जन्मगाव देवराष्ट्रे सांगलीत, कर्मभूमी कराड साताऱ्यात. या दोन जिल्ह्यांतला एकेक तालुका घेऊन प्रयोग करून पाहा. सोळाव्या वित्त आयोगाच्या निधीच्या मार्गदर्शक सूचनांत तेवढी एक ओळ घाला.

आपला,
कराड तालुक्यातील एक ग्रामस्थ