चौकट बसली, हाड जुळायचे आहे

नडगीच्या हाडावर पुढच्या बाजूला स्नायूंचे आवरण नसते. म्हणून रस्ते अपघातात ते मोडले की पुष्कळदा कातडी फाडून बाहेर येते. मग हाडात पिना घालून बाहेरून फिक्सेटरची चौकट बसवतात आणि घरच्यांना वाटते, काम झाले. चौकट हाडाला फक्त धरून ठेवते. जुळण्यासाठी रक्तपुरवठा लागतो. नडगीच्या खालच्या भागात तो मुळातच तुटपुंजा असतो, त्यात तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात. नडगीच्या उघड्या अस्थिभंगाच्या रुग्णांवरील २००५ च्या अमेरिकी अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांचे हाड जुळण्याची शक्यता ३७ टक्क्यांनी कमी आणि जंतुसंसर्गाचा धोका दुपटीहून अधिक आढळला.

यावर म्हटले जाईल की, निकाल मूळ जखमच ठरवते. बऱ्याच अंशी ते खरे आहे. हाडाचा तुकडाच गेला असेल तर बिडी सोडून तो परत येणार नाही. पण जखम अपघाताच्या क्षणीच ठरून गेलेली असते. वेळेवर दिलेले प्रतिजैविक, पिनेच्या मुळाशी साचणारी खपली रोज स्वच्छ करणे, ढिले पडलेले नट आवळून घेणे, डॉक्टर सांगतील तेवढा भार पायावर टाकणे, हे मात्र आपल्या हातात असते. तेव्हा पिनांची निगा रुग्णालयाने घरी सोडण्यापूर्वी नातेवाइकांकडून करवून घ्यावी, तंबाखूमुक्तीचे समुपदेशन अस्थिरोग विभागातच द्यावे. आणि मजुरी बुडते म्हणून ज्यांची फेरतपासणी चुकते, त्यांचा प्रवासखर्च सरकारने उचलावा.