परदेशी जाणाऱ्या शीतमालाच्या खुष्कीवरील प्रवासासंबंधी निवेदन

प्रति,
मा. मुख्य सचिव,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : शहाड ते न्हावा शेवा या टप्प्यावर रीफर कंटेनरांसाठी विजेची, वाटेची व नोंदीची तजवीज होण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणार, शहाड, मोहोने, आंबिवली व कल्याण–मुरबाड रस्त्यालगतच्या गावांत राहून रीफर (शीतयंत्र असलेल्या) कंटेनरांची ने-आण करणारे ट्रेलरमालक, चालक व शीतगृहांतील कामगार, तसेच ज्यांची द्राक्षे माळशेज घाट उतरून याच रस्त्याने बंदरावर जातात असे जुन्नरकडील काही बागाईतदार, हे निवेदन आपणांपुढे सविनय सादर करीत आहोत. आमचे म्हणणे एकच असून ते आरंभीच स्पष्ट करणे इष्ट होय : थंड राखावयाचा माल समुद्रावर क्वचित बिघडतो, तो बिघडतो खुष्कीवर, चाके थांबलेल्या तासांत, आणि त्या तासांची जबाबदारी आज कोणाच्याच माथी नसल्यामुळे नुकसानीचा सारा भार ज्याच्यापाशी कागद नाही त्याच्यावर, म्हणजे बागाईतदारावर आणि गाडीवाल्यावर, येऊन पडतो.

या मुलखाला समुद्रव्यापार नवा नाही. कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीच्या शिलालेखांत कोरलेली आहेत, आणि १६५७ साली कल्याण–भिवंडी स्वराज्यात आल्यावर शिवाजी महाराजांच्या आरमाराचा आरंभ कल्याणच्याच खाडीच्या आश्रयाने झाला. ताजे फळ वा ताजी मासळी दूरदेशी नेणे मात्र त्या काळच्या गलबतांच्या आवाक्याबाहेरचे होते. समुद्रमार्गाने शीत वाहून आणता येते हे मुंबईने प्रथम पाहिले ते १८३४ साली, बोस्टनकडील तळ्यांवर हिवाळ्यात कापलेला बर्फ केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, या बंदरात उतरला तेव्हा. आणि १८८२ साली ‘डनेडिन’ या शिडाच्या जहाजाने गोठविलेले मांस न्यूझीलंडहून लंडनला सुस्थितीत पोहोचविले, तेव्हा शीतमालाच्या समुद्रव्यापाराचा खरा पाया घातला गेला. आपल्याकडे पुण्याच्या गणेशखिंडीत फळशास्त्रज्ञ डॉ. चीमा व त्यांचे सहकारी यांनी १९३० नंतरच्या दशकात आंब्याच्या शीतसाठवणीचे प्रयोग केले, आणि त्या परिश्रमांचे फळ आपण आज पाहत आहोत : जून २०२२ मध्ये वाशी येथे विकिरण केलेला आंबा जहाजाने अमेरिकेस पोहोचला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये निघालेली सांगोल्याची भगवा डाळिंबे जानेवारी २०२५ मध्ये सिडनीस उतरली. चार-पाच आठवडे पाण्यावर काढूनही जे फळ परक्या बाजारात ताठ उभे राहते, त्याने शहाडपासून न्हावा शेव्यापर्यंतच्या ६० किलोमीटरांच्या आसपासच्या वाटेवर, एका रात्रीच्या खोळंब्यात, आपल्या आयुष्याचा मोठा वाटा गमावून बसावे, ही गोष्ट आम्हांस दुःसह वाटते.

रीफरची रचना ध्यानी घेतल्यास आमच्या मागणीचे मर्म कळून येईल. हा कंटेनर माल थंड करीत नाही, थंड केलेला माल थंड राखतो. तळाच्या पन्हळींतून सोडलेली गार हवा पेट्यांमधून वर चढून छताखालून यंत्राकडे परतते, आणि यंत्र बंद पडताच हे अभिसरण तत्क्षणी थांबते. प्रत्येक जिनसाचा अंश वेगळा : गोठविलेल्या कोळंबीला उणे १८, आंब्याला १२–१३, कारण त्याखाली गेल्यास तो थंडीनेच काळवंडतो व पिकत नाही, आणि द्राक्षाला शून्याच्या लगत. द्राक्षाच्या पेटीत घडांवर ‘ग्रेप गार्ड’चा कागद घातलेला असतो, ओलाव्याने त्यातून सल्फर डायऑक्साइड हळूहळू सुटतो व बुरशीस आळा बसतो. परंतु वीज तुटून पेटीत दव धरले की तोच वायू एकदम सुटतो, देठाजवळचे मणी पांढरे पडतात, देठ तपकिरी होतात, आणि पुन्हा थंडी सुरू केली तरी झालेली हानी भरून येत नाही. ज्या उपायाने फळ राखावयाचे, त्यानेच ते नासावे, याचे कारण खंडित वीज, दुसरे काही नव्हे.

शहाडच्या पुलावर संध्याकाळी वाहने तुंबली म्हणजे ट्रेलरवरील जनसेट, म्हणजे रीफरला वीज पुरविणारे जनित्र, डिझेल जाळीत राहतो. चालक विजेरी घेऊन खाली उतरतो आणि यंत्राच्या पडद्यावर आत जाणाऱ्या व परतणाऱ्या हवेचे दोन आकडे वाचतो. दोहोंतील अंतर वाढू लागले की आतल्या मालाची गत त्याला कळते. परंतु तो आकडा टिपण्यास त्याच्यापाशी ना वही असते, ना त्यावर सही करणारा कोणी अधिकारी. पुढे एखाद्या खाजगी यार्डात जागा मिळते, पण प्लग मिळत नाही. डिझेल संपत येते, आणि यंत्र किती वेळ बंद राहिले हे सकाळी सांगण्यास कोणी बांधलेला नसतो. आमच्यापैकी एका बागाईतदाराचा माल अशाच मुक्कामानंतर युरोपात ‘देठ वाळलेला’ म्हणून उतरत्या भावाने विकला गेला. त्याचे पैसे कापले गेले, गाडीवाल्याचे भाडे रोखले गेले, आणि मधल्या रात्रीची नोंद मागितली असता ती कोणत्याच दफ्तरी निघाली नाही. त्यात २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे युरोपास जाणारी अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. वाट लांबली की फळाच्या अंगची शिल्लक अधिक जपून वापरावी लागते, आणि ती येथेच, घरच्या रस्त्यावर, उधळली जाते.

सबब आमची मुख्य मागणी अशी की, ज्याच्या ताब्यात कंटेनर, त्याच्यावरच त्या वेळेच्या थंडीची जबाबदारी, हा नियम शासनाने लेखी हुकुमाने प्रस्थापित करावा. शीतगृहातून ट्रेलरवर, ट्रेलरवरून यार्डात, यार्डातून बंदराच्या फाटकावर, असा ताबा जेथे जेथे बदलतो तेथे वेळ, ठरविलेला अंश, जाणाऱ्या व परतणाऱ्या हवेचे आकडे आणि वीज चालू होती किंवा नाही, एवढी नोंद उभयतांच्या सह्यांनिशी व्हावी, आणि तिची प्रत चालकास व बागाईतदारास विनामूल्य मिळावी. यंत्राच्या स्मरणात तापमानाची नोंद आपोआप होतच असते. अर्ज केल्यापासून ठराविक मुदतीत ती मालधन्याला मिळण्याचा हक्क मान्य व्हावा. या तजविजीला खजिन्यातून फारसे काही लागत नाही, आणि नुकसानभरपाईचा निवाडा पुराव्यावर होऊ लागेल, हा लाभ आम्हांस अनमोल आहे.

दुसरी बाब विजेची. कल्याण–मुरबाड रस्त्यावर आणि बंदराच्या वाटेवरील वाहनतळांवर तीन-फेजचे रीफर प्लग बसवावेत, त्यांचे दर फलकावर लावावेत आणि आकार प्रत्यक्ष वापरलेल्या वेळेपुरताच घ्यावा. रात्रभर जनसेटपाशी जागणाऱ्या चालकासाठी तेथे पाणी, शौचालय व निवारा असावा, हे निराळे सांगण्याची वेळ येऊ नये.

वाटेविषयी आमची अपेक्षा मर्यादित आहे. जड वाहनांस दिवसा मज्जाव करणारे हुकूम काढताना यंत्र चालू असलेल्या भरल्या रीफरचा स्वतंत्र विचार व्हावा, आणि शहाडच्या पुलाची दुरुस्ती शक्यतोवर जानेवारी ते एप्रिल या द्राक्षहंगामात काढू नये, आणि काढल्यास पर्यायी वाट आगाऊ जाहीर करावी. येथील रहिवाशांच्या आधी आमची वाहने जावीत असे आमचे मागणे मुळीच नाही. आमचीच मुले याच पुलावरून शाळेत जातात आणि आमच्याच घरची आजारी माणसे याच गर्दीत अडकतात. म्हणूनच शहराबाहेर वीजयुक्त तळ असावा, जेणेकरून गर्दीच्या वेळी कंटेनर तेथे थांबेल आणि पूल मोकळा राहील, असे आम्ही सुचवितो.

हा विषय पणन, गृह, परिवहन व ऊर्जा या खात्यांत विभागला असून बंदराचा कारभार केंद्राकडे आहे. एका खात्याकडे गेलेला अर्ज दुसऱ्याकडे वर्ग होऊन हंगाम निघून जातो, हा अनुभव असल्यामुळेच आम्ही थेट आपल्याकडे आलो आहोत. तरी डिसेंबरअखेरपूर्वी या खात्यांचे अधिकारी व बंदर प्राधिकरणाचे प्रतिनिधी यांची एकत्र बैठक बोलवावी, तीत आमच्या प्रतिनिधींस, ज्यांत निदान एक चालक असेल, आपले म्हणणे मांडू द्यावे, आणि बैठकीचे इतिवृत्त आम्हांस मराठीत मिळावे, ही विनंती.

आपले नम्र,
शहाड परिसरातील रीफर वाहतूकदार, चालक व शीतगृह कामगार, आणि जुन्नरकडील द्राक्ष बागाईतदार