बँकेचा पत्ता अकरा अक्षरांचा

मैत्रिणींनो, जून-जुलै आला की आपल्या या सदराकडे एकाच विषयावरची पत्रं जास्त येतात. मुलामुलींचे प्रवेश झालेले असतात, वसतिगृहाचे पैसे भरायचे असतात, कुणाला माहेरी आईच्या औषधपाण्यासाठी रक्कम पाठवायची असते. पूर्वी हे काम मनीऑर्डरनं व्हायचं. पोस्टमन दारात यायचा, घरातली म्हातारी माणसं चष्मा शोधून सही करायची, आणि कुपनावरच्या दोन ओळी नोटांपेक्षा जास्त वेळा वाचल्या जायच्या. आता खात्यातून खात्यात पैसे जातात. सोय मोठी आहे, पण फॉर्मवर 'आयएफएससी' असा एक रकाना असतो आणि तिथे आपला हात थबकतो.

सांगली जिल्ह्यातल्या एका भगिनीचं पत्र तर मी दोनदा वाचलं. शिवणकामाचे आणि भिशीचे मिळून ४० हजार रुपये तिनं आईच्या ऑपरेशनसाठी भावाला पाठवले. भावानं खाते क्रमांक फोनवर सांगितला, तिनं कागदावर उतरून घेतला, त्यात दोन आकड्यांची अदलाबदल झाली. पैसे गेले, पण भलत्याच खात्यात. यजमान म्हणाले, "तुला कुणी सांगितले होते हे उद्योग?" पैशांपेक्षा तेच वाक्य तिला जास्त लागलेलं दिसतं. शेवटी ती विचारते, कोड तर मी बरोबर घातला होता, मग पैसे चुकले कसे?

प्रश्न अगदी योग्य आहे. उत्तर असं की, कोड आपल्याला फक्त बँकेच्या दारापर्यंत नेतो. आतलं कपाट कुठलं, ते खाते क्रमांकच सांगतो.

आधी कोड कसा वाचायचा ते पाहू. तो बरोबर ११ जागांचा असतो. पहिली चार इंग्रजी अक्षरं बँकेची: स्टेट बँकेची एस-बी-आय-एन, बँक ऑफ महाराष्ट्रची एम-ए-एच-बी. पाचव्या जागी नेहमी शून्य असतं. ही जागा पुढच्या काळासाठी राखून ठेवलेली आहे. उरलेल्या सहा जागा शाखेच्या. त्यात बहुधा आकडे असतात, पण काही बँका तिथे अक्षरंही घालतात. बँक ऑफ बडोदाच्या कोडात तुम्हाला ती दिसतील. गोंधळ होतो तो पाचव्या जागी. हातानं लिहिलेलं शून्य आणि इंग्रजी 'ओ' सारखेच दिसतात. एवढं लक्षात ठेवा, की पाचवी जागा शून्याची, तिथे 'ओ' कधीच नसतो.

हा कोड पासबुकाच्या पहिल्या पानावर असतो आणि चेकवरही छापलेला असतो. चेकच्या तळाशी जी आकड्यांची ओळ असते, त्यात नऊ आकड्यांचा एक गट दिसेल. तो एमआयसीआर. त्यातले पहिले तीन आकडे शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. तो चेक वटवण्याच्या कामाचा आहे, पैसे पाठवण्याच्या रकान्यात तो घालू नये.

कोड चुकला तर काय होतं? भलत्याच बँकेचा पडला, तर तिथे तो खाते क्रमांक बहुतेक सापडत नाही आणि पैसे परत येतात. त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेचा पडला, तरी हल्ली सगळ्या शाखा एकाच यंत्रणेला जोडलेल्या असल्यामुळे रक्कम बहुधा योग्य खात्यात जाते. खाते क्रमांकाची चूक मात्र अशी उदार नसते. एनईएफटीत पैसे जमा होतात ते निव्वळ क्रमांकावरून. वर तुम्ही भावाचं नाव कितीही ठळक अक्षरांत लिहा, ते क्रमांकाशी जुळतं का हे पाहून रक्कम जमा करण्याची पद्धत नाही. सांगलीच्या भगिनीचं नेमकं हेच झालं.

यावर रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२४ मध्ये एक चांगला आदेश काढला. एनईएफटी आणि आरटीजीएसनं पैसे पाठवण्याआधी त्या खात्यावर कुणाचं नाव आहे ते पाहता यावं, आणि ही सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असा तो आदेश. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. तेव्हा खाते क्रमांक आणि कोड घातल्यावर नाव दाखवण्याचा पर्याय शोधा, आणि नाव वाचल्याशिवाय पुढचं बटण दाबू नका. शाखेत जाऊन पाठवत असाल तर काउंटरवरच्या बाईंना किंवा साहेबांना स्पष्ट विचारा, "नाव काय दिसतंय?" यात संकोच कसला? साडी घेताना आपण पदर उलगडून बघतोच ना!

आणि क्रमांक फोनवर ऐकून लिहून घेऊ नका, बाई. पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मागवा. चेकचा फोटो पाठवायचा झाला, तर कोऱ्या चेकवर दोन आडव्या रेघा मारून 'रद्द' लिहा, पण सही करू नका. रद्द चेकवर सही लागत नाही, आणि आपल्या सहीचा नमुना गावभर फिरावा तरी कशाला?

रक्कम मोठी असेल तर आधी एक रुपया पाठवा. एनईएफटीला किमान रकमेची अट नाही. पलीकडून 'मिळाला' असा फोन आला, आणि तो आपल्याच माणसाच्या आवाजात आला, की मग उरलेले पाठवा. आमच्या शेजारच्या काकू याला 'शितावरून भाताची परीक्षा' म्हणतात.

कुठल्या मार्गानं पाठवायचे, हे थोडक्यात सांगते. एनईएफटी दर अर्ध्या तासानं गठ्ठ्यागठ्ठ्यानं जातं, आणि १६ डिसेंबर २०१९ पासून ते रात्रंदिवस, सुटीच्या दिवशीही चालतं. बचत खात्यातून ऑनलाइन केलं तर त्याला शुल्क नाही. शाखेतून केलं तर १० हजारांपर्यंत जास्तीत जास्त अडीच रुपये आणि वर जीएसटी. आरटीजीएस दोन लाखांपासून पुढे. आयएमपीएस लगेच पोचतं, पण लगेच पोचतं म्हणजे लगेच चुकतंही. घाई नसेल तर मी एनईएफटीच बरं म्हणेन.

जुन्या वहीतला कोड वापरण्याआधी मात्र एक गोष्ट बघाच. देना बँक आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या, सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत. त्यांचे जुने कोड २०२१ मध्ये बंद झाले. माहेरचं खातं अशा बँकेत असेल, तर वडिलांना नवं पासबुक भरून आणायला सांगा आणि त्यावरचा कोड घ्या. छोट्या नागरी सहकारी बँकेच्या कोडात सुरुवातीला दुसऱ्याच मोठ्या बँकेची अक्षरं दिसली तरी दचकू नका. काही छोट्या बँका मोठ्या बँकेच्या मार्फत ही सेवा देतात. तरीही एकदा शाखेत विचारून खात्री करावी.

पोस्टाची गंमत वेगळीच. पोस्टाच्या बचत खात्यांना २०२२ पासून एनईएफटी मिळालं, आणि देशभरच्या सगळ्या पोस्टांना कोड एकच: आय-पी-ओ-एस, मग चार शून्यं, मग डी-ओ-पी. पण इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक ही वेगळी संस्था. तिचीही पहिली चार अक्षरं तीच, शेवटी मात्र सहा शून्यांच्या पुढे एक. आजेसासूबाईंचं पोस्टातलं खातं नेमकं कुठल्या प्रकारचं आहे, ते पासबुकावर पाहूनच लिहा.

फीची शेवटची तारीख गाठायची असेल, तर कॉलेजचं नाव चार दिवस आधीच खात्यात नोंदवून ठेवा. नव्या नावाला सुरुवातीचे काही तास बऱ्याच बँका थोडीच रक्कम पाठवू देतात. आणि हे काम मुलावर सोपवून मोकळ्या होऊ नका. तो चटकन करतो हे खरं, पण त्याच्या शेजारी बसून दोनदा बघा, तिसऱ्यांदा स्वतः करा. खातं तुमचं, पैसे तुमचे!

आपला खाते क्रमांक आणि कोड पैसे घेण्यासाठी दुसऱ्याला द्यायला हरकत नाही. ओटीपी, पिन, कार्डामागचे तीन आकडे मात्र कुणालाही नाही, बँकेचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही. पैसे *घ्यायला* पिन किंवा ओटीपी लागत नाही. 'रक्कम जमा करतो, आकडे सांगा' म्हणणारा तुमचं खातं रिकामं करायला निघालेला आहे, हे निश्चित समजा. कोड शोधायचा तर रिझर्व्ह बँकेच्या किंवा त्या बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर शोधा. इंटरनेटवर मिळालेल्या कुठल्याही 'मदत' नंबरावर फोन करू नका.

आता सांगलीच्या भगिनीसाठी, आणि जिच्यावर अशी वेळ येईल तिच्यासाठी. पैसे चुकीच्या खात्यात गेल्याचं कळताच त्याच दिवशी आपल्या शाखेत लेखी अर्ज द्या. त्यात तारीख, रक्कम, तुम्ही घातलेला क्रमांक, खरा क्रमांक आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक लिहा. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या, तोंडी सांगून येऊ नका. आपली बँक त्या बँकेला कळवते आणि ती बँक खातेदाराला विचारते. त्याच्या संमतीशिवाय पैसे सहसा काढून घेता येत नाहीत, म्हणून पाठपुरावा सोडू नका. तक्रारीवर बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. कुणी फसवून पैसे काढले असतील तर मात्र एक क्षणही न दवडता १९३० ला फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले, तरच हाती लागतात.