रोग्याची बोली आणि परिचर्येचे शिक्षण

सीमाभागातील मराठीचा प्रश्न निघाला, की आपल्याकडे चर्चा होते ती शाळांची, सरकारी कागदांची आणि दुकानांवरील पाट्यांची. या गोष्टी महत्त्वाच्या आहेत यात शंका नाही. परंतु मनुष्य भाषेवाचून खरा अडतो तो आजारपणात. आणि दवाखान्यातील खाटेपाशी कोणते शब्द बोलले जातात, ते कोणाला कळतात व कोणाला कळत नाहीत, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. बिदर व कलबुर्गी या जिल्ह्यांपुरता तो येथे करावयाचा आहे.

मी गाण्याचा शिक्षक; वडील दरबारी गवई. तेव्हा वैद्यकात तोंड घालण्याचा याला अधिकार काय, असे कोणी विचारील. वैद्यकाविषयी मला काहीच सांगावयाचे नाही. सांगावयाचे आहे ते ऐकण्याविषयी, आणि तो आमचा पिढीजात धंदा आहे. संगीत परीक्षांच्या निमित्ताने बिदर, भालकी, आळंद या बाजूस माझे बऱ्याच वर्षांचे जाणेयेणे आहे. तेथे गाण्याच्या परीक्षेस बसलेल्या काही मुली पुढे परिचर्या सहायकाच्या शिक्षणास गेल्या. त्यांच्या वह्या मी पाहिल्या. अक्षर सुरेख, टेम्परेचर, पल्स, रेस्पिरेशन, एडिमा, डिस्पनिया असे शब्द अर्थांसह ओळीने लिहिलेले. त्यांत नव्हता तो फक्त रोग्याच्या तोंडचा शब्द.

हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आले. काही भाग आंध्रात गेला. आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हे तालुके त्या वेळच्या म्हैसूर राज्याकडे राहिले. सीमा नकाशावर पडली. घरांतून आणि सोयरिकींतून ती पडली नाही. म्हणून तिकडील एखाद्या दवाखान्यात एका खाटेवर मराठी म्हातारी, शेजारी कानडी बाळंतीण, पलीकडे दखनी बोलणारा बागवान आणि दारापाशी तांड्यावरची लमाणी मुलगी, असा मेळा सहज जमतो. डॉक्टर दूरच्या जिल्ह्यातून बदलून आलेला असू शकतो. या सर्वांमध्ये दिवसभर वावरते ती परिचारिका आणि तिची सहायक. रोग्याचे म्हणणे प्रथम तिच्या कानी पडते.

तिच्या कानी काय पडेल, याचा नमुना म्हणून ‘अंग’ हा एकच शब्द घ्या. आम्ही गाणारे पूर्वांग-उत्तरांग म्हणून मोकळे होतो. खाटेवरची बाई मात्र हा शब्द किती परींनी वापरते! अंग कसकसते, म्हणजे ताप येऊ घातला आहे. मूल अंगावर पिते, म्हणजे ते आईच्या दुधावर आहे. अंगावरून पांढरे जाते ते निराळे, लाल जाते ते निराळे. अंग बाहेर येते, म्हणजे गर्भाशय खाली सरकले आहे. आणि दुखणे अंगावर काढले, म्हणजे इतके दिवस ती कोणाला बोललीच नव्हती. हे सर्व एका शब्दाच्या पोटात आहे. हे ज्या मुलीला ठाऊक नाही ती नोंदवहीत ‘बॉडी पेन’ लिहील आणि पुढच्या खाटेकडे वळेल.

तीच गत ‘उन्हाळी’ची. उन्हाळी लागली असे शेतकरी सांगतो तेव्हा तो हवेविषयी बोलत नसतो. लघवीला आग होते, असे त्याचे म्हणणे असते. तसेच ‘डबा’. मुलाला डबा झाला, असे खेड्यातील आई सांगते, तेव्हा श्वासागणिक मुलाचे पोट आणि बरगड्या उडत असल्याचे तिने पाहिलेले असते. या दुखण्यावर पूर्वी पोटावर डाग देत असत. आज जागतिक आरोग्य संघटनेने त्याची सोपी पारख सांगितली आहे. मूल शांत असताना पुरे एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर ती न्यूमोनियाची खूण समजून उपचारास लागावे. हे लय मोजण्याचे काम आहे; गाणाऱ्या मुलीस ते जड जाणार नाही. पण घड्याळ हाती केव्हा घ्यावे, हे तिला आईच्या तोंडचा ‘डबा’ हा शब्दच सांगतो. तो शब्द वाया गेला तर अर्धा दिवस वाया जातो, आणि अर्ध्या दिवसात तान्हे मूल हातचे जाऊ शकते.

दुखण्याच्या प्रकारांविषयी तर आपली भाषा विलक्षण श्रीमंत आहे. गळू ठणकते, जखम चुणचुणते, पाठीत चमक भरते, पोटात मुरडा येतो, पायांना रग लागते, दाढेतून कळ जाते. यांतील एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. छातीत जळजळते असे म्हणणारा आणि छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते असे म्हणणारा, या दोन रोग्यांना एका रांगेत बसविणे धोक्याचे आहे. दुसऱ्यासाठी डॉक्टरला ताबडतोब हाक मारली पाहिजे. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली दुखण्याची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तीत वेदनेचे ७८ शब्द २० गटांत लावले आहेत. रोगी कोणता शब्द निवडतो यावरून दुखण्याची जात कळण्यास मदत होते, हे त्यामागील तत्त्व. आमच्या औराद-भालकीच्या आजीबाईला ही प्रश्नावली ठाऊक नाही; परंतु ठणका आणि चमक यांतील भेद ती कधी चुकत नाही. चूक होते ती ऐकणाऱ्याची.

ऐकण्यात जशी चूक, तशीच सांगण्यातही. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्यास ‘काही खाऊ नका’ असे बजावतात. मराठीत चहा पितात, खात नाहीत. तेव्हा तो निर्धास्तपणे पेलाभर चहा घेतो. ‘उपास करा’ म्हणावे, तर आपल्या घरी उपासाला साबुदाण्याची खिचडी आणि केळी चालतात! तेथे ‘तोंडात अन्नपाण्याचा कणही घालायचा नाही, चहा, दूध, तंबाखूसुद्धा नाही’ असेच सांगावे लागते. पाण्याचा घोट किती वाजेपर्यंत चालेल तेही डॉक्टरला विचारून स्पष्ट सांगावे लागते. ‘मात्रा’ हा शब्द पाहा. आम्हां गाणारांची मात्रा तालातली. मराठी घरातली मात्रा वैद्याची, सहाणेवर उगाळून चाटवावयाची. आणि कानडीत ‘मात्रे’ म्हणजे साधी औषधाची गोळी. कानडी मुलगी आपुलकीने मात्रे घ्या म्हणाली, तर मराठी म्हातारीने ती गोळी उगाळावयास घेतली तर तिला हसू नये. उलट ‘बाणंति’ म्हटले, की मराठी बाईला बाळंतीण लगेच कळते. शेजारच्या दोन भाषा कोठे हात देतात आणि कोठे दगा देतात, हे सीमेवरच्या विद्यार्थिनीला सांगावयास नको काय?

यावर कोणी म्हणेल, मग इंग्रजी शब्द टाकून द्यावेत की काय? मुळीच नाही. रोगी एका दवाखान्यातून दुसऱ्यात जातो, पाळी बदलते, नवा डॉक्टर येतो. त्या सर्वांना एकच अर्थ देणारा शब्द नोंदीत हवाच. शिवाय बीपी, शुगर, सलाईन हे आता खेड्यातही घरचे शब्द झाले आहेत. दुसरा कोणी संस्कृत परिभाषेचा पक्ष घेईल. परंतु एडिमाच्या जागी ‘शोफ’ लिहिल्याने ज्याच्या पायांना सूज आली आहे त्याला अधिक काय कळणार? याच मुलखाने एक मोठा प्रयोग पाहिलेला आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून दिले. त्यासाठी आदल्या वर्षीच भाषांतराचे खाते उघडले होते, आणि वैद्यकही उर्दूतून शिकविले गेले. देशी भाषेत वैद्यक शिकविता येते, हे त्याने सिद्ध केले. पण भालकीच्या मराठी शेतकऱ्याची आणि आळंदच्या कानडी विणकराची घरची भाषा उर्दू नव्हती. सांगण्याचा मथितार्थ असा, की शिकविण्याचे माध्यम कोणतेही असो, रोग्याची बोली हा त्याबरोबर शिकावयाचा स्वतंत्र विषय आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५९ साली परिचर्येवर जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात रोग्याचे निरीक्षण यावर एक प्रकरणच आहे. उत्तर आधीच सुचविणारे प्रश्न विचारू नयेत, असा त्यांचा कटाक्ष होता. ‘रात्री झोप बरी लागली ना?’ असे विचारले, की आपला भिडस्त माणूस ‘होय बाई’ म्हणतो. ‘किती वाजता डोळा लागला, किती वेळा जाग आली?’ असे विचारले, तरच खरे कळते. छातीचा आवाज ऐकण्याचे नळकांडे १८१६ साली शोधणारे फ्रेंच डॉक्टर लाएनेक हे बासरी वाजवीत असत. बासरीमुळे त्यांना शोध लागला असे मी म्हणणार नाही. पण कान तयार असलेल्या माणसाचे ते काम होते खरे.

तेव्हा करावयाचे ते थोडक्यात असे. या दोन जिल्ह्यांत जेथे जेथे परिचर्या सहायकांना शिकविले जाते, तेथे प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती एक वही असावी. पहिल्या रकान्यात नोंदीचा इंग्रजी शब्द. मग मराठी, कानडी, दखनी आणि जमेल तेथे तेलुगू व लमाणी. हे शब्द कोशातून उतरवू नयेत. आपली आजी, गावची सुईण, आशाताई आणि शेतावरची माणसे यांच्याकडून मिळवावेत. आमच्याकडे ‘ध’ आणि ‘धा’ यांतला फरक पाटीवर लिहून येत नाही. गुरूपुढे बसून, ऐकून आणि पुन्हा म्हणून दाखवूनच येतो. तीच रीत येथे लावावी. रोगी बोलला ते सहायकाने त्याच्याच शब्दांत परत म्हणावे, त्याने मान डोलावली की मग नोंद करावी. नोंदीत इंग्रजी शब्दाशेजारी रोग्याचा मूळ शब्दही जसाच्या तसा लिहावा. आणि परीक्षेत निदान एक प्रश्न असा असावा, की परीक्षकाने मराठीत वा कानडीत आपले दुखणे सांगावे आणि विद्यार्थ्याने ते ओळखावे.

यास नवा कायदा लागत नाही, मोठा खर्चही लागत नाही. शिकविणाऱ्यांनी मनावर घेतले तर पुढच्या वर्गापासून प्रारंभ करता येईल. आणि ज्या घरांतून या मुली शिकावयास गेल्या आहेत, तेथील वडीलधाऱ्या बायांनी संध्याकाळी त्यांना जवळ बसवून दुखण्याखुपण्याचे दहा शब्द सांगितले, तर त्यांच्या वहीचे पहिले पान आजच भरेल.